छत्तीस तासांचा दिवस

सरकारी कागदपत्रांत ज्याला ‘निवासी डॉक्टर’ म्हणतात, त्याला रुग्णालयात त्या नावाने कुणीही हाक मारीत नाही. प्रोफेसरांच्या लेखी तो ‘जेआर वन’ किंवा ‘जेआर टू’ असतो, सिस्टरांसाठी ‘युनिट थ्रीचे डॉक्टर’, आणि वॉर्डातल्या मामांसाठी ‘साहेब’ किंवा नुसता ‘अहो’, ज्याचे काम ज्याच्यावाचून अडले असेल त्या मानाने. पेशंटच्या नातेवाइकांच्या दृष्टीने तर तो डॉक्टरच नसतो. रात्रभर त्यानेच सलाईन लावलेली असते, त्यानेच रक्त काढलेले असते, पोटातले पाणीही त्यानेच काढलेले असते. आणि सकाळी सात वाजता नातेवाईक त्यालाच विचारतात, ‘मोठे डॉक्टर कधी येणार?’ स्त्री-डॉक्टर असेल तर आणखी एक पायरी खाली. रेसिडेन्सीच्या तीन वर्षांत मला ‘डॉक्टर’पेक्षा ‘सिस्टर’ अशा हाका जास्त आल्या असतील. आमच्या वॉर्डातले मिशीवाले ब्रदर मात्र रुजू झाल्या दिवसापासून ‘डॉक्टरसाहेब’ होते. त्यांनी ते कधी नाकारले नाही, आणि मीही माझे नाकारणे लवकरच सोडून दिले. सिस्टरांना वॉर्डात जो मान होता तो जेआर वनला नव्हताच.

‘रेसिडेंट’ म्हणजे मुक्कामी राहणारा. ही पद्धत रुजली ती अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. ते १८८९ साली उघडले, आणि शिकाऊ डॉक्टराने रुग्णालयातच राहायचे, संसाराच्या भानगडीत पडायचे नाही, रात्रंदिवस रोग्याजवळ राहून शिकायचे, ही रीत तिथे पक्की झाली. शस्त्रक्रियेच्या विभागात ती शिस्त बसवणारे विल्यम हाल्स्टेड हे फार मोठे सर्जन. पण जागा बधिर करण्यासाठी कोकेनचे प्रयोग स्वतःवर करताना त्यांना त्याचे व्यसन लागले आणि पुढे मॉर्फिन जडले, हेही वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. झोपेवाचून काम करण्याची शिस्त अशा गृहस्थाकडून जगभर गेली, यावर काय विनोद करायचा तो वाचकांनीच करावा. आपल्याकडे वळण इंग्रजी, म्हणून जुने शब्द ‘हाउसमन’ आणि ‘रजिस्ट्रार’. साठी-सत्तरी ओलांडलेले मुंबईचे डॉक्टर अजूनही ‘माझी हाउसपोस्ट केईएमला झाली’ असेच सांगतात. शब्द बदलला, मुक्काम तोच राहिला.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट चटकन उमगत नाही, ती म्हणजे हा छत्तीस तासांचा आकडा येतो कुठून. मोठ्या रुग्णालयात मेडिसिन, सर्जरी असे विभाग असतात आणि प्रत्येक विभागाची काही युनिटे. एकेका युनिटाला आठवड्यातला एक वार वाटून दिलेला असतो. तो त्यांचा ‘इमर्जन्सी डे’. त्या दिवशी सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कॅज्युअल्टीत जो पेशंट येईल तो त्या युनिटाचा. जागा आहे की नाही हा प्रश्न उद्भवत नाही, कारण सार्वजनिक रुग्णालयाला ‘नाही’ म्हणता येत नाही. खाटा संपल्या की दोन खाटांच्या मध्ये गादी पडते. तिला ‘फ्लोअर बेड’ असे भारदस्त नाव आहे. तिच्यावरच्या पेशंटची नाडी बघायची तर गुडघ्यावर बसावे लागते. रात्र अशी जाते. सकाळ झाली म्हणजे ड्यूटी संपली असे मात्र नाही, कारण रात्रभरात घेतलेला प्रत्येक पेशंट आता सरांना दाखवायचा असतो. हा ‘पोस्ट इमर्जन्सी’चा राउंड. त्यानंतर तपासण्या, दुसऱ्या विभागांचे रेफरन्स, सोनोग्राफीची तारीख, रक्तपेढीची चिठ्ठी, घरी जाणाऱ्यांची डिस्चार्ज कार्डे. हे आवरता आवरता रात्रीचे आठ वाजतात. आदल्या दिवशीच्या सकाळपासून मोजा. पावसाळ्यात, म्हणजे मलेरिया, डेंग्यू, लेप्टो आणि कावीळ यांच्या हंगामात, हे गणितही कोलमडते, आणि तिसऱ्या दिवशी ओपीडी असते ती असतेच.

या कामात डॉक्टरकी किती आणि हमाली किती, याचा हिशेब पहिल्या वर्षी कुणी करू नये. साडेपाच वर्षांचे एमबीबीएस आणि घाम काढणारी प्रवेशपरीक्षा पार करून आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात कळते की आपले मुख्य कसब ने-आण करण्याचे आहे. रक्ताचे नमुने भरलेले बल्ब खिशात घालून तो लॅबकडे धावतो. तिथून निरोप येतो की नमुना अपुरा आहे, गोठला आहे किंवा चुकीच्या रंगाच्या बुचाच्या बल्बमध्ये आहे. पुन्हा पेशंट, पुन्हा सुई. मामा जेवायला गेलेले असतील तर एक्स-रेसाठी ट्रॉली तोच ढकलतो. पूर्वी ओली एक्स-रे फिल्म हातात धरून वाऱ्यावर वाळवत जिने चढावे लागत. आता रिपोर्ट संगणकावर येतो, आणि ‘सर्व्हर डाउन’ आहे म्हणून जिने उतरावे लागतात. पूर्वी दुसऱ्या विभागाचा वॉर्डबॉय कॉल-बुक घेऊन डॉक्टराला शोधत येई. त्यात निदान सापडेपर्यंतचा वेळ आपला असे. मोबाइलने तोही गेला.

रेसिडेंट कुठे कुठे झोपतात याची यादी हा प्रत्येक बॅचचा आवडता विषय असतो. ड्यूटी-रूम बहुधा असते, पण तिच्यात खाट एक आणि डॉक्टर चार. म्हणून तपासणीच्या टेबलावर, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या ट्रॉलीवर, व्हीलचेअरमध्ये, लायब्ररीत पुस्तकावर डोके ठेवून, सोनोग्राफीच्या खोलीत (तिथे यंत्रासाठी एसी असतो, माणसासाठी नव्हे), सेमिनार रूममध्ये दोन खुर्च्या जोडून. आमच्या एका सहकाऱ्याला राउंडमध्ये उभ्याउभ्या झोपण्याची कला साधली होती. सर प्रश्न विचारीत तेव्हा तो डोळे न उघडता ‘इन्फेक्शन, सर’ म्हणे, आणि मेडिसिनच्या वॉर्डात हे उत्तर बऱ्याचदा बरोबर येते. जेवणाचेही तेच. जिथे खुर्ची दिसेल तिथे बसावे, जिथे अन्न दिसेल तिथे खावे, हा सीनियरचा पहिला उपदेश जगातल्या सर्व भाषांत आहे. आणखी एक नियम लेखी कुठेही नाही, पण पाळतात सगळे: कॅज्युअल्टीत ‘आज शांत आहे’ असे कुणी म्हणायचे नाही. म्हणणाऱ्याला उरलेली रात्र कुणी माफ करीत नाही.

पेशंटची हकिगत घेणे हे तर स्वतंत्र शास्त्र आहे. इंग्रजी पुस्तकात ‘तक्रार किती दिवसांपासून’ हा एका ओळीचा प्रश्न असतो. वॉर्डात त्याचे उत्तर येते, ‘झाले की, आपल्या गणपतीच्या आधीपासून.’ मग गणपतीच्या आधी म्हणजे गोकुळाष्टमीला त्रास होता का, भावाकडे राखीला गेला होता तेव्हा होता का, असे करीत करीत पंचांगाच्या आधाराने रोगाचा काळ ठरवायचा. ‘काही व्यसन?’ ‘छे, काही नाही.’ ‘तंबाखू?’ ‘ती असतेच की.’ दारूचा प्रश्न नवऱ्याला विचारायचा आणि उत्तर बायकोच्या चेहऱ्यावर वाचायचे. ‘कसंतरी होतंय’ या दोन शब्दांत हृदयविकारापासून सुनेच्या भांडणापर्यंत सगळे मावते, आणि त्यातले काय आहे ते ओळखणे हेच शिक्षण. हे कुठल्याही खासगी रुग्णालयात शिकायला मिळत नाही, हेही खरे. म्हणून तर मुले या रुग्णालयांतल्या जागांसाठी जिवाचा आटापिटा करतात.

एका रात्रीचे सांगते. कर्जतच्या बाजूचा विशीतला मुलगा, झोपेत मण्यार चावलेली. मण्यारीच्या विषाने सूज नाही, रक्त नाही. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आणि मग श्वासाचे स्नायू थांबतात. लस दिली, घशात नळी घातली, पण व्हेंटिलेटर एकही मोकळा नव्हता. अशा वेळी नळीला रबरी फुगा जोडतात. त्याला अँबू बॅग म्हणतात, आणि तो हाताने दाबीत राहायचा. वॉर्डात डॉक्टर दोन आणि पेशंट सत्तरच्या वर, म्हणून तो पेशंटच्या भावाच्या हातात द्यावा लागला. ‘तुम्ही स्वतः श्वास घेता ना, तसंच दाबा. दाबा, सोडा. थांबायचं नाही.’ या रुग्णालयांत किती माणसे अशी भावाच्या, बापाच्या, बायकोच्या हातावर जगली असतील याची नोंद कुठे नसते.

भाऊ रिक्षा चालवायचा. रात्री दोनच्या पुढे त्याचे डोळे मिटू लागले. मग मी बाकीच्या पेशंटांकडे जाता-येता त्याच्याशी काहीबाही बोलू लागले. कुठल्या स्टँडवर रिक्षा लावतोस, पॅसेंजर भाडे बुडवतात का. त्याने एका पॅसेंजरची गोष्ट सांगितली, जो बोकड घेऊन रिक्षात बसला आणि उतरताना बोकडाचे वेगळे भाडे द्यायला तयार नव्हता. आम्ही दोघे हसलो. शेजारच्या खाटेवरचे आजोबाही हसले. त्या हसण्याला विनोदबुद्धी म्हणायला माझी हरकत नाही, पण तिथे ते औषधासारखे होते. तो झोपला असता तर मुलगा गेला असता. पहाटे साडेपाचला एक व्हेंटिलेटर मोकळा झाला. तो कसा मोकळा झाला ते सांगायला नको. भावाच्या ते लक्षात आले. त्याने पलीकडच्या पडद्याकडे एकदा पाहिले आणि काही बोलला नाही.

मुलगा दहाव्या दिवशी चालत घरी गेला. मण्यारीचे विष उतरले की माणूस लख्ख बरा होतो. जाताना भाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन आला, आणि तो त्याने ब्रदरांच्या हातात दिला, ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून. मला तो ‘येतो, ताई’ म्हणाला.

असे किस्से रेसिडेन्सी केलेल्या प्रत्येकाकडे असतात. आम्ही ते लग्नाकार्यांत, कॉन्फरन्सच्या जेवणात सांगतो आणि लोक खूप हसतात. पण या हसण्यात एक लबाडी असते, आणि ती सांगणाऱ्यांची असते. जो आज सोनोग्राफीच्या टेबलावर झोपल्याची गंमत सांगतो, तोच पुढे लेक्चरर होतो, आणि पहिल्या वर्षाच्या मुलीने दोन दिवस झोप नाही अशी तक्रार केली की म्हणतो, ‘आमच्या वेळी तर खाटसुद्धा नव्हती.’ हाल हे एकदा गंमत झाले की ते वारशासारखे पुढे देता येतात. शिवाय ही गंमत सगळ्यांना सारखी परवडत नाही. ज्याचे वडील डॉक्टर आहेत त्याला सीनियरचा टोमणा हा टोमणा असतो. ज्याच्या घरातून शिकून इथवर येणारा तो पहिलाच आहे, त्याला तोच टोमणा ‘तू इथला नाहीस’ असा ऐकू येतो. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या निवासी डॉक्टरने आत्महत्या केली. सीनियरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, तीन डॉक्टरांवर आरोपपत्र दाखल झाले. ‘पहिल्या वर्षी सगळ्यांनाच बोलून घ्यावे लागते’ हे वाक्य तेव्हाही अनेकांच्या तोंडून ऐकले. सगळ्यांना म्हणजे कुणाला, आणि काय बोलून, हा प्रश्न त्या वाक्यात बेमालूम गडप होतो.

मुळात हा प्राणी विद्यार्थी की नोकर, हे आपण कधी ठरवलेलेच नाही. त्याला मिळते ते ‘विद्यावेतन’. कामाच्या तासांबद्दल बोलला तर सांगतात, तू शिकायला आला आहेस, शिक्षणाला घड्याळ कसले? आणि ‘मार्ड’ने, म्हणजे त्यांच्या संघटनेने, संपाचे नाव काढले की तोच विद्यार्थी एका रात्रीत अत्यावश्यक सेवा होतो आणि मेस्माची भाषा सुरू होते. करोनाच्या काळात याचा कळस झाला. २०२० मध्ये विषय कोणताही असो, अस्थिरोगाचा असो की त्वचारोगाचा, रेसिडेंट करोना वॉर्डात उभा होता. परीक्षा लांबल्या. पुढच्या बॅचची प्रवेशपरीक्षा तर जानेवारी २०२१ वरून सप्टेंबरवर गेली आणि प्रवेशाच्या फेऱ्या जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या. तोवर पहिले वर्ष असे कुणी आलेच नाही. ज्या दोन वर्षांच्या मुलांनी तिघांचे काम ओढले त्यांना मधूनमधून टाळ्या मिळाल्या, थाळ्याही मिळाल्या.

नियम नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग काम सर्वसाधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त नसावे आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा असावी असे लिहिलेले आहे. अमेरिकेत १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात दगावली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर किती तास जागे होते यावर तिच्या पत्रकार वडिलांनी रान उठवले. त्यातून १९८९ साली न्यूयॉर्क राज्यात आणि २००३ साली अमेरिकाभर आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा आली. म्हणजे कागदावर आपण अमेरिकेपेक्षा बत्तीस तासांनी पुढे आहोत, आणि तेही अकरा वर्षे आधी. आपल्याकडचा ताजा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा, २०२३ चा. त्यात आकडा नाही. ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती आहे, वर्षाला वीस रजा आणि आठवड्याची एक सुटी आहे, तीही कामाची निकड नसेल तर. निकड नसलेला वार ज्याने पाहिला असेल त्याने मला जरूर कळवावे.

तास का कमी होत नाहीत? वरिष्ठ दुष्ट आहेत म्हणून, असे मला वाटत नाही. अठ्ठेचाळीस तासांचा नियम खरोखर पाळायचा तर आज एक रेसिडेंट जे काम करतो त्याला दोन माणसे लागतील, शिवाय तंत्रज्ञ, ट्रॉली ढकलणारे, नमुने नेणारे, रात्रपाळीचे लेखनिक वेगळे. ही पदे मंजूर करणे, भरणे, त्यांचे पगार देणे हे सगळे अर्थसंकल्पात दिसते. मुलांची झोप दिसत नाही. आपली सार्वजनिक रुग्णालये गरिबाला परवडतात याचे एक कारण म्हणजे त्यांतला बराच खर्च पंचविशीतली मुले अंगावर घेतात. त्यांतल्या कितीकांना वॉर्डातूनच क्षयरोग होतो, आणि बरे होऊन ते त्याच वॉर्डात परत येतात.

खर्च पेशंटच्या नातेवाइकाच्या वाट्यालाही येतो, म्हणूनच तो चिडतो. औषध बाहेरून आणा, सीटी स्कॅनला दुसरीकडे न्या, आयसीयूत जागा नाही, हे निर्णय ज्यांनी घेतलेले असतात ते रात्री दोनला तिथे नसतात. सांगायला उभा असतो तो रेसिडेंट. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात अपघातातल्या एका जखमीच्या नातेवाइकांनी तरुण डॉक्टरला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि उच्च न्यायालयाने त्यांना कामावर परतायला सांगितले. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा २०१० पासून आहे, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची त्यात तरतूद आहे. कायदा रात्री दोनला वॉर्डात नसतो. असलाच तर एक सुरक्षारक्षक असतो, आणि तोही कंत्राटी.

झोपण्याच्या जागांची ती यादी मी वर दिली. पुष्कळ वर्षे ती मी हसत सांगत आले. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात छातीच्या विकारांच्या विभागातली एकतीस वर्षांची निवासी डॉक्टर छत्तीस तासांच्या ड्यूटीत थोडी पडावी म्हणून सेमिनार रूममध्ये गेली. तिथे तिच्यावर बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. पोलिसांचा एक स्वयंसेवक पकडला गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याला जन्मठेप झाली. ती सेमिनार रूममध्ये का झोपली होती, असे तेव्हा अनेकांनी विचारले. आमच्यापैकी कुणालाही तो प्रश्न पडला नाही. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले आणि त्याला ज्या गोष्टींचा विचार करायला सांगितले त्यांत स्त्री-पुरुष डॉक्टरांसाठी विश्रांतीच्या वेगळ्या खोल्या ही एक होती. १८८९ पासून ज्याला ‘निवासी’ म्हणतात त्याच्या निवासाचा विषय असा अखेर न्यायालयासमोर आला.

माझी भाची सध्या रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वॉर्डाच्या ड्यूटी-रूमला आता आतून कडी बसवली आहे. ती म्हणते, कडी लावली तर रात्री सिस्टरांच्या हाकेने जाग येत नाही, इतकी झोप लागते; म्हणून ती कडी लावीत नाही. दाराला आतून एक लोखंडी खुर्ची टेकवून झोपते. दार ढकलले की खुर्चीचे पाय फरशीवर घासतात, तेवढ्या आवाजाने ती उठते.